आधी प्रहर, मग भिंती

हँगर म्हणजे विमानाचे घर, एवढ्यावर समाधान मानले तर त्याची प्रतिकृती करणे अवघड नाही. दोन लांब भिंती, वर कमानदार छत, टोकाला सरकते दरवाजे. पुठ्ठा सरळ कापता येतो अशा कोणालाही हे थोड्या सुट्ट्यांत जमेल. पण अशा हँगरमध्ये विमान नेऊन ठेवले की ते हरवते. ज्याच्या पत्र्याच्या सांध्यांसाठी आणि कॉकपिटमधल्या पट्ट्यांसाठी आपण डोळ्यांत तेल घातले, ते एका अंधाऱ्या खोक्याच्या तळाशी जाऊन बसते. मग घाईघाईने छताला पांढऱ्या दिव्यांची पट्टी चिकटवली जाते. आता विमान दिसते, पण हँगर नाहीसा होतो. सगळीकडे सारखाच उजेड, सावली कुठेच नाही, आणि ५२ मीटर लांबीची इमारत औषधांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटासारखी दिसू लागते.

या पुस्तकाचा सगळा खटाटोप या दोन टोकांमधल्या जागेसाठी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: हँगर बांधायला घेण्याआधी वर्ष ठरवा, महिना ठरवा आणि दिवसाचा प्रहर ठरवा. ऊन कुठून येणार, किती आत जाणार, कोणते दिवे लागलेले असणार, दरवाजा किती उघडा असणार, हे त्या एका निर्णयातून निघते. आणि भिंत किती जाड करायची, खिडक्यांना काय लावायचे, छत उचलता येईल असे करायचे की कायमचे बसवायचे, हेही त्यातूनच. प्रतिकृतीकारांची सर्वसाधारण रीत उलटी असते. आधी इमारत उभी राहते, ती रंगवून होते, आणि मग तारा कुठून न्यायच्या याचा शोध सुरू होतो. तोवर भोक पाडायला जागा उरलेली नसते.

उदाहरणासाठी मी सबंध पुस्तकभर एकच हँगर धरला आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजशायर परगण्यात डक्सफर्ड नावाचा जुना हवाई तळ आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात तो बांधला गेला आणि आज तिथे इम्पीरियल वॉर म्युझियमचा विमानसंग्रह आहे. तिथले तीन जोडगाळ्यांचे हँगर अजून उभे आहेत. चौथा, एका गाळ्याचा हँगर १९६८ साली ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी सुरुंग लावून उडवून दिला. पन्नास वर्षे टिकलेली इमारत पडद्यावरच्या काही क्षणांसाठी गेली, याची हळहळ मला आजही वाटते. उरलेले तीन आता संरक्षित वारसा आहेत.

डक्सफर्ड निवडण्याचे कारण भावनिकही आहे आणि व्यावहारिकही. ४ ऑगस्ट १९३८ रोजी ब्रिटिश हवाई दलाच्या १९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला पहिले स्पिटफायर मिळाले ते इथेच. त्याआधी हे स्क्वाड्रन ग्लॉस्टर गाँटलेट ही दोन पंखी, उघड्या कॉकपिटची विमाने उडवत होते. म्हणजे १९३८ च्या त्या शरद ऋतूत एकाच छताखाली दोन युगे शेजारी शेजारी उभी होती. एकीकडे तारांनी ताणलेले कापडी पंख, दुसरीकडे पूर्ण धातूची, चाके पोटात घेणारी एकपंखी काया. हँगरच्या प्रतिकृतीसाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही. आणि व्यावहारिक कारण म्हणजे या हँगरचे छत. ते खालून पाहण्यासारखे आहे, आणि त्यावर उजेड फार सुंदर खेळतो.

या छताला बेलफास्ट कैची असते. आपल्याकडे मंगलोरी कौलांच्या घरांतली त्रिकोणी लाकडी कैची सर्वांनी पाहिलेली असते. ही तशी नाही. खाली एक सरळ तुळई, वर धनुष्यासारखी वाकवलेली दुसरी, आणि दोघींच्या मधल्या जागेत तिरक्या पट्ट्यांची दाट जाळी. खालची तुळई ताण घेते, वरचे धनुष्य दाब घेते, आणि मधली जाळी दोघींना परस्परांपासून ढळू देत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेलफास्टमधल्या मॅकटिअर या कंपनीने ही पद्धत रूढ केली. कंपनीचा धंदा छतावर अंथरायच्या डांबरी फेल्टचा. फेल्टला हलके आणि सौम्य वळणाचे छत लागते, म्हणून ही कैची. पुढे महायुद्धात पोलाद जहाजांना आणि तोफांना हवे होते, मोठे ओंडके मिळेनासे झाले होते, आणि विमानांसाठी प्रचंड शेड तर तातडीने हव्या होत्या. बेलफास्ट कैचीला जाड लाकूड लागत नाही. बारीक पट्ट्या, खिळे आणि साधी सुतारकी जाणणारी माणसे एवढ्यावर चोवीस मीटरचा गाळा खांबाशिवाय झाकता येतो. टंचाईत कामी आलेली ही युक्ती शंभर वर्षे उलटली तरी उभी आहे, हे मला अभियांत्रिकीतल्या मोठ्या गोष्टींइतकेच थोर वाटते.

प्रतिकृतीकाराने इथे एक बारकावा लक्षात ठेवायचा. खालची तुळई आणि वरचे धनुष्य दोन्ही जोडपट्ट्यांचे असतात आणि जाळीच्या पट्ट्या त्या जोडीच्या मध्ये धरून खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. लेझरने एकाच पुठ्ठ्यातून कापलेली सपाट कैची लांबून ठीक दिसते. पण बाजूने दिवा लावला की तिचा सपाटपणा उघडा पडतो, कारण खऱ्या कैचीत प्रत्येक छेदाजवळ एक बारीक सावली असते. म्हणून विनियरच्या पट्ट्या थरांत बसवाव्यात. फळीवर मूळ मापाचा नकाशा, त्यावर पारदर्शक कागद, टाचण्यांनी पक्का केलेला साचा. मग खालचा थर, जाळीचा पहिला तिरपा हात, दुसरा तिरपा हात, वरचा थर. सगळ्या कैच्या एकाच साच्यातून निघाल्या पाहिजेत, नाहीतर छत लाटा घेते. काम कंटाळवाणे आहे हे खरे. पण शेवटी कैच्यांच्या खाली दिवा लावून वर पाहिले की छताच्या फळ्यांवर सावल्यांची जी जाळी उमटते, ती रंगाने किंवा छापील कागदाने आणता येत नाही.

आता माप. १:७२ हे प्रमाण विमानांच्या प्रतिकृतींत इतके रुळले आहे की ते कुठून आले हे कोणी विचारत नाही. एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे उंचापुरा माणूस बरोबर एक इंचाचा. १९३६ साली ब्रिटनमध्ये फ्रॉग पेंग्विन या नावाने प्लास्टिकच्या भागांचे विमानसंच निघाले ते याच प्रमाणात, आणि दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे विमान ओळखण्याच्या शिक्षणासाठी बनवलेल्या प्रतिकृतीही याच प्रमाणाच्या होत्या. पहिल्या महायुद्धातल्या एका प्रचलित आराखड्यानुसार हँगरच्या गाळ्याची रुंदी ८० फूट आणि लांबी १७० फूट असे. सहाने भागा: रुंदी तेरा इंचांच्या थोडी वर, लांबी सव्वाअठ्ठावीस इंच. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर ३३९ आणि ७२०. हे टेबलावर मावते. १:४८ ला गेलात तर लांबी एक मीटर आठ सेंटीमीटर होते, १:३२ ला एक मीटर बासष्ट. मुंबईच्या घरात ती कुठे ठेवायची याचे उत्तर मला देता येणार नाही. म्हणून मोठ्या प्रमाणात काम करणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की सबंध हँगर बांधू नये. दरवाजापासून आतले तीन-चार कैच्यांचे अंतर बांधावे आणि मागे अंधारात विरत जाणारी काळी भिंत ठेवावी. डोळा उरलेली लांबी आपोआप भरून काढतो; मात्र मागच्या भिंतीवर उजेडाचा ठिपकासुद्धा पडता कामा नये. इथेही बांधकामाचा निर्णय उजेडानेच केला.

स्पिटफायरचा पंखविस्तार ३६ फूट १० इंच. १:७२ मध्ये १५६ मिलिमीटर. म्हणजे ८० फुटी गाळ्यात दोन स्पिटफायर पंखाला पंख लावून उभी केली तर जेमतेम सहा फूट मोकळे राहतात. खरे यांत्रिक तशी ठेवत नसत. ती तिरकी, मागेपुढे, एकाचा पंख दुसऱ्याच्या शेपटीजवळून जाईल अशी रचत. प्रतिकृतीतही तसेच करावे. गर्दी ही हँगरची ओळख आहे.

इथे थोडे वळण घेऊन एका वेगळ्या हँगरबद्दल सांगतो, कारण छोट्या प्रतिकृतीला खेळणे समजणाऱ्यांना ती हकीकत माहीत असावी. इटलीचे अभियंते पिएर लुइजी नेर्व्ही यांनी १९३५ च्या सुमारास ऑर्व्हिएतो इथे इटालियन हवाई दलासाठी काँक्रीटच्या एकमेकांना छेदणाऱ्या कमानींचा हँगर रचला. सुमारे १०० मीटर लांब, ४० मीटर रुंद, आत एकही खांब नाही. कमानींच्या त्या जाळ्यात बळ कसे वाहते याचे गणित त्या काळच्या कागद-पेन्सिलीच्या आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा मिलान इथल्या प्रयोगशाळेत त्याची १:३७.५ प्रमाणातली सेल्युलॉइडची प्रतिकृती बनवली, तिच्यावर वजने टांगली, ती किती वाकते ते मोजले, आणि त्या आकड्यांच्या आधारे खरा हँगर उभा राहिला. म्हणजे इथे प्रतिकृती आधी आली आणि हँगर नंतर. नेर्व्ही यांनी पुढे ऑर्व्हिएतो, ऑर्बेतेल्लो आणि तोर्रे देल लागो इथे आणखी हँगर बांधले. त्यांच्या कमानींचे तुकडे आधी जमिनीवर ओतून, मग वर जोडले होते. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ते उडवून दिले. आज त्यांचे फोटोच उरले आहेत, आणि त्या फोटोंत छताच्या जाळीतून फरशीवर पडलेले उन्हाचे चौकोन पाहिले की कोणालाही कात्री हातात घ्यावीशी वाटेल. ते बांधायला अवघड आहेत. पुस्तकाच्या शेवटी त्यांचा विचार केला आहे.

आता उन्हाकडे येऊ. या प्रस्तावनेतला मुख्य भाग हाच आहे.

डक्सफर्ड उत्तरेला ५२ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साडेचौदा अंशांच्या वर चढत नाही. जूनमध्ये तो ६१ अंशांपर्यंत जातो. समजा दरवाजा सहा मीटर उंच आहे आणि दक्षिणेकडे उघडतो. जूनच्या दुपारी ऊन उंबरठ्यापासून सव्वातीन मीटर आत येईल; डिसेंबरच्या दुपारी २३ मीटर. १:७२ च्या प्रतिकृतीत हाच फरक ४५ मिलिमीटर आणि ३२२ मिलिमीटर असा दिसतो. पहिल्यात फक्त पुढच्या विमानाचे नाक उजळेल, दुसऱ्यात दोन विमाने अख्खी उन्हात न्हातील. दोन्ही खरे आहे. महिना कोणता हे तुम्ही ठरवायचे. आता तोच दरवाजा मुंबईला आणा. १९ अंश अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारीही सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो, ऊन साडेपाच मीटरच आत शिरते, आणि जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो. इंग्लंडच्या हँगरमध्ये मुंबईचे ऊन पाडले तर इमारतीची वीट न् वीट अचूक असूनही पाहणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते. का, ते त्याला सांगता येत नाही. कोन मोजायला कोनमापक पुरतो, तेव्हा ही चूक करण्याचे कारण नाही.

माझा स्वतःचा प्रहर ऑक्टोबर १९३८ च्या मध्यातला आहे, दुपारी साडेचार. तिथे त्या दिवसांत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेचारला तो क्षितिजावर चार-पाच अंशच उरलेला असतो. दरवाजा त्याच्या दिशेला असेल तर ऊन हँगरची सबंध लांबी ओलांडून मागच्या भिंतीपर्यंत पोचते. चाकांच्या, शिड्यांच्या, माणसांच्या सावल्या लांबच लांब पडतात. आत दिवे नुकतेच लागले आहेत, पण त्यांचा अंमल अजून चालत नाही. दोन प्रकारच्या उजेडांची ती सरमिसळ मला सर्वांत जिवंत वाटते, म्हणून पुस्तकातली मुख्य योजना त्या वेळेची आहे. ढगाळ दुपार हा त्याहून सोपा पर्याय आहे. तिच्यात सावल्या मऊ असतात आणि एक पसरट दिवा पुरतो. नवख्याने तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

प्रतिकृतीत ऊन आणायचे कसे? दिवा दरवाजाजवळ ठेवला तर सावल्या पंख्यासारख्या फाकतात, आणि डोळ्याला लगेच कळते की हा दिवा आहे. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण समांतर येतात. म्हणून दिवा खोलीत जितका लांब नेता येईल तितका न्यावा. आणखी एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. आकाशात सूर्याची चकती सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. तीन मीटरवर ठेवलेला तीन सेंटीमीटर तोंडाचा टॉर्चही जवळपास तेवढाच दिसतो. त्यामुळे सावलीची कड जितकी मऊ हवी तितकी आपोआप मिळते, प्रतिकृती कितीही लहान असो. मावळतीच्या उन्हासाठी टॉर्चपुढे फिकट नारिंगी जिलेटिन कागद धरावा. आणि दरवाजासमोर, थोडे वर, एक पसरट थंड पांढरा दिवा पांढऱ्या कापडातून मंद करून लावावा. ते आकाश. उन्हातल्या वस्तू पिवळसर आणि सावलीतल्या निळसर दिसू लागल्या की काम झाले. हा निळा पुष्कळजण विसरतात, आणि मग नुसते नारिंगी दृश्य शेकोटीजवळचे वाटते.

हँगरमधले दिवे ही वेगळी विद्या आहे. १९३८ साली तिथे ट्यूबलाइट नव्हती. ब्रिटनमधल्या कारखान्यांत ती त्यानंतर, युद्धकाळात आली. कैच्यांवरून लोंबणारे टंगस्टनचे बल्ब आणि त्यांवर इनॅमलची, आतून पांढरी, बाहेरून गडद टोपणे, असा तो उजेड होता: खाली गोल पडणारा, कडेला पटकन विरणारा, रंगाने लोण्यासारखा. टंगस्टनचे रंगतापमान २७०० ते २८०० केल्व्हिन. म्हणून दुकानात ‘वॉर्म व्हाइट’ मागावे आणि पाकिटावर २७०० किंवा ३००० आहे ना ते पाहावे. आपल्या बाजारात सगळ्यात सहज मिळणारा ‘कूल डेलाइट’ ६५०० केल्व्हिनचा असतो. तो आजच्या हँगरला शोभेल, १९३८ च्या हँगरला कधीच नाही. पुढचे वर्ष निवडलेत तर आणखी एक गोष्ट बदलते. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनभर रात्रीचा ब्लॅकआउट सुरू झाला. तेव्हापासून रात्रीच्या हँगरच्या खिडक्यांतून उजेड बाहेर सांडलेला दाखवणे म्हणजे इतिहासाला बाधा आणणे.

बल्बच्या आकाराचे गणित तर डोळे उघडणारे आहे. बाजारातला तीन मिलिमीटरचा एलईडी १:७२ मध्ये २१६ मिलिमीटरचा बल्ब होतो, म्हणजे भोपळ्याएवढा. ०८०५ या आकाराचा चपटा एसएमडी एलईडी दोन मिलिमीटर लांब असतो, ०६०३ आकाराचा १.६. टोपणाखाली लपवायचे असतील तर हेच घ्यावेत. टोपण जाड ॲल्युमिनियमच्या पत्रीतून पंचने दाबून करता येते. खरे टोपण सोळा इंचांचे मानले तर ते साडेपाच मिलिमीटर व्यासाचे होईल. तार म्हणून मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे मिळणारी इनॅमलची बारीक तांब्याची तार वापरावी. खऱ्या दिव्याची वायर जिथून लोंबते तिथूनच ती लोंबू द्यावी, म्हणजे लपवण्याचा प्रश्नच राहत नाही.

वीज किती द्यायची? एलईडीच्या माहितीपत्रकात २० मिलिअँपिअर लिहिलेले असते आणि नवखा माणूस ते इमानाने पाळतो. हँगरसाठी ते फार होते. दोन ते पाच मिलिअँपिअरवर हेच दिवे बल्बसारखे शांत दिसतात. बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर एक पांढरा एलईडी सुमारे तीन व्होल्ट घेतो. उरलेल्या नऊ व्होल्टला पाच मिलिअँपिअरने भागले की १.८ किलोओहमचा रेझिस्टर येतो. तीन एलईडी एका ओळीत जोडले तर तीनच व्होल्ट उरतात आणि ६०० ओहम पुरतात. बाजारात ६२० किंवा ६८० मिळेल, तो चालतो. प्रत्येक ओळीला स्वतंत्र रेझिस्टर द्यावा. एकाच रेझिस्टरवर समांतर ओळी टांगल्या तर एक ओळ झगझगते आणि दुसरी मलूल पडते. उजेड कमीजास्त करायला साधा प्रीसेट चांगला. भरभर उघडझाप करून मंद करणारे स्वस्त डिमर डोळ्यांना ठीक वाटतात, पण फोटोत पट्टे उमटवतात.

गळतीबद्दल मी थोडा कडक आहे. सनबोर्ड आणि फोमबोर्ड उजेड आरपार सोडतात; भिंत पेटल्यासारखी दिसते आणि सगळा भ्रम तिथेच संपतो. प्रत्येक भिंतीच्या पाठीला आणि छताच्या वरच्या बाजूला आधी काळा रंग द्यावा आणि मगच बाहेरचा रंग चढवावा. छत आणि भिंत जिथे भेटतात तिथे आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. दिवे बंद असलेल्या खोलीत हँगर पेटवून चारही बाजूंनी फिरून पाहणे हा या कलेतला सर्वांत उपयोगी अर्धा तास आहे.

फरशीचे थोडक्यात. काँक्रीटचा रंग राखाडी नसतो. त्यात पिवळा आणि तपकिरी मिसळलेला असतो, तेलाचे डाग असतात, ओतकामाच्या रेघा असतात. बारीक पॉलिश पेपर पालथा घालून रंगवला तर पोत छान येतो. वर्षानुवर्षे चाकांखाली घासून गुळगुळीत झालेल्या भागाला किंचित चमक द्यावी, म्हणजे दिव्यांचे अंधूक प्रतिबिंब तिथे उतरते.

विमानांबद्दल इथे फार लिहीत नाही, त्यासाठी चांगली पुस्तके आहेत. मात्र प्रहर ठरला की विमानही ठरते, एवढे सांगतो. १९३८ च्या ऑक्टोबरमधल्या स्पिटफायरला लाकडी, दोन पात्यांचा पंखा हवा. तीन पात्यांचा नंतर आला. त्या शरद ऋतूत स्क्वाड्रनच्या विमानांच्या शेपटीवर १९ हा आकडा रंगवलेला असे. संचातली सगळी चित्रे त्या वर्षाची नसतात, तेव्हा निवडून घ्यावीत. विमानांभोवतीचा पसारा मात्र उदारपणे मांडावा: इंजिनावरची झाकणे उतरवून जमिनीवर ठेवलेली, पंखाखाली घोडे, तेल गळते तिथे पत्र्याच्या पराती, वाळूने भरलेल्या लाल बादल्या, पायाशी लाकडी गुटके, आणि कामात वाकलेली एक-एक इंचाची माणसे. माणसांची तोंडे उजेडाकडे असावीत. बारीक काम करणारा मनुष्य उजेडाकडे पाठ करत नाही.

मराठी वाचकासाठी आपल्या घराजवळचा एक हँगरही या पुस्तकात घेतला आहे, आणि तो मला डक्सफर्डइतकाच प्रिय आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्या घेऊन जुहूला उतरले ते द हॅविलंड पस मॉथ या विमानातून. पुढे मद्रासपर्यंत तेच टपाल नेव्हिल विन्सेंट यांनी नेले. जुहूवर तेव्हा काँक्रीट नव्हते, पोलादी कमानी नव्हत्या. ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली शेड आणि सपाट मैदान, एवढाच पसारा होता. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जाई आणि मुक्काम पुण्याला हलवावा लागे. पस मॉथचा पंखविस्तार ३६ फूट ९ इंच, म्हणजे स्पिटफायरपेक्षा फक्त एक इंच कमी. पण तिचे पंख मागे दुमडता येत, त्यामुळे तिला चिंचोळी शेडही पुरते.

उजेडाच्या दृष्टीने मात्र ही शेड डक्सफर्डच्या अगदी उलट आहे. ऑक्टोबरच्या दुपारी इथे सूर्य ६२ अंशांवर असतो. ऊन शेडमध्ये शिरत नाही, ते बाहेरच्या पांढऱ्या मातीवर आपटते आणि तिथून उसळून आत येते. त्यामुळे विमानाच्या पंखांची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा उजळ दिसते. हे साधायला आत एकही दिवा लावायचा नाही. शेडपुढच्या जमिनीला फिकट, वाळूच्या रंगाचा खरखरीत कागद लावायचा आणि त्यावर वरून जोरदार उजेड टाकायचा. झावळ्यांच्या फटींतून येणारे कवडसे ही वर मिळालेली देणगी. गवताच्या वाळक्या काड्या किंवा पामच्या झाडूचे तंतू थोडे विरळ बसवले की ते आपसूक पडतात. ज्याने कोकणात माडाच्या झावळ्यांच्या मांडवाखाली एखादी दुपार काढली आहे, त्याला हे मी समजावून सांगायला नको.

सामानासाठी परदेशी दुकानांवर अवलंबून राहावे लागत नाही. एलईडी, रेझिस्टर, अडॅप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतात. पुठ्ठा, फोमबोर्ड, जिलेटिन कागद अप्पा बळवंत चौकात. विनियरच्या कातरणी कोणत्याही प्लायवूडच्या वखारीत पडलेल्या असतात. मागितल्या तर बहुधा पैसेही घेत नाहीत.

पुस्तक क्रमाने वाचावे अशी माझी अपेक्षा आहे, कारण पहिल्या प्रकरणात बांधकाम असे काहीच नाही. एक बुटाचे खोके आडवे ठेवा, त्याची एक बाजू कापून टाका, आतून काळा कागद लावा. मध्ये तयार असलेले कोणतेही विमान ठेवा. रात्री खोलीतले दिवे मालवा आणि टॉर्च घेऊन तीन मीटर मागे जा. टॉर्च आधी जमिनीलगत धरा, मग कमरेइतका, मग डोक्याच्या वर, आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी फोटो काढायला सांगा. पुन्हा तेच नारिंगी कागद लावून करा. मग खोक्याच्या छताला एकच एलईडी टांगून करा. हे सगळे फोटो शेजारी शेजारी मांडा. त्यांतला जो तुम्हाला सोडवणार नाही, त्याच्या मागे महिना आणि वेळ लिहा, आणि मग दुसऱ्या प्रकरणातला पहिल्या कैचीचा नकाशा फळीवर टाचा.